पाचवं पान हलकं होईना

१

विकीचा गुन्हा चौदा एमबीचा होता, आणि तो दोन एमबीत बसवायचं काम माझ्याकडे आलं.

मी जागृती. उमेळ्याच्या नाक्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. माझी जीभ तिखट आहे असं अख्खं गाव म्हणतं, आणि तरी फाइल घेऊन माझ्याकडेच येतं. बाकीचे दुकानवाले एक बटण दाबून फाइल चेपतात आणि माणसाच्या तोंडाची खिचडी करून हातात ठेवतात. मी फाइल हलकी करते, पण फोटोला धक्का लावत नाही.

शनिवारी सकाळी दुकान उघडतेय तोच विपुल दारात उभा. विपुल आमच्या बांध समितीचा सेक्रेटरी. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"ताई, विकीवरची तक्रार आहे. उद्या सकाळी सभेत सगळ्यांच्या सह्या झाल्या की लगेच पोलिसांकडे ऑनलाइन टाकायची. दोन एमबीच्या वर घेत नाहीत. आणि नानांनी बजावून सांगितलंय, पाचव्या पानावरच्या फोटोची क्वालिटी जाता कामा नये. विकीचं तोंड स्पष्ट दिसलं पाहिजे."

नाना म्हणजे भालचंद्र चौधरी, समितीचे अध्यक्ष. नात्याने माझे चुलत काका.

झालं होतं ते असं. खाडीच्या बांधात आमची उघाडी आहे. उघाडी म्हणजे पाण्याचं दार. ओहोटीला ती मोकळी ठेवून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीला लाकडी फळ्या घालून खारं पाणी बाहेर अडवायचं. ते काम विकीचं, त्याच्या आधी त्याच्या बापाचं, बळीरामचं. पौर्णिमेच्या उधाणाला पहाटे फळ्या निघाल्या आणि खाडी वाड्यांत घुसली. विपुलचा मोगरा गेला, कुणाची केळी गेली, कुणाच्या पानवेली. खारं पाणी एकदा मुळाशी बसलं की जमीन लवकर माफ करत नाही.

आणि विकीचं म्हणाल, तर त्याची अग्निशमन दलात निवड झाली होती. फक्त पोलीस पडताळणी बाकी. ही तक्रार गेली की ती नोकरी गेली, हे विपुललाही ठाऊक होतं आणि मलाही.

"खुशाल जाऊ दे," विपुल म्हणाला. "माझा मोगरा गेला नाही का?"

तो गेल्यावर मी फाइल उघडली. दोन पानं मजकूर, दोन पानं मेलेल्या झाडांचे फोटो आणि पाचव्या पानावर विकी. गुडघाभर पाण्यात उभा, दोन्ही हातांत उघाडीची फळी. फोटो कागदाच्या पावभागाएवढा, पण इतका स्वच्छ की कपाळावरचा घाम दिसावा. मी माझ्या नेहमीच्या रीतीने निघाले. नको ते सामान काढायचं, दोनदा घुसलेलं एकदाच ठेवायचं, फोटोंना हात लावायचा नाही. पहिली चार पानं बघता बघता मुठीत मावली.

पाचवं पान जागचं हलेना. एकटंच दहा एमबीच्या वर.

मला चीड आली. एवढासा फोटो आणि हे वजन? टोपलीत वर चार बोंबील दिसावेत आणि तागडी खाली बसावी, तसं. असं झालं की कोळीण बोंबील बाजूला करून खाली हात घालते. मीही घातला.

पीडीएफमध्ये पान कापलं तरी ते खरं कापलं जात नाही, हे पुष्कळ लोकांना माहीत नसतं. नको तो भाग फक्त झाकला जातो. खाली सगळं तसंच असतं आणि वजनही तसंच राहतं. मी पानाच्या मूळ कडा परत आणल्या, आणि फोटो डाव्या बाजूला आणि खाली उलगडत गेला.

विकी तिथे एकटा नव्हता.

२

उघाडीच्या तोंडावर जाळं ताणलेलं होतं. बांधावर तीन ओल्या फळ्या पडलेल्या. आणि जाळ्यापाशी कमरेएवढ्या पाण्यात एक माणूस, कॅमेऱ्याकडे पाठ करून, जाळं दोन्ही हातांनी ओढणारा. विकी त्याच्याकडे तोंड करून काहीतरी ओरडत होता, आणि त्याचा एक पाय फळीच्या डोक्यावर होता. फळी काढणारा माणूस पाय देत नाही. पाय देतात ती खाली दाबायला, पाण्याच्या जोराविरुद्ध बसवायला.

म्हणजे विकी दार उघडत नव्हता, बंद करत होता!

पण पाठीवरून माणूस कसा ओळखायचा? अंगात आमच्या गावच्या क्रिकेट टीमचा टीशर्ट, मागे नुसतं 'उमेळे'. तसा टीशर्ट विकीकडे आहे, विपुलकडे आहे, नानांच्या स्वरूपकडे आहे, आणि निम्म्या गावाकडे आहे. फोटो काढला गावच्या ॲन्सेल्मने, तक्रारीत तसं लिहिलंच होतं. पक्ष्यांचे फोटो काढायचा त्याला नाद. पण तो जहाजावर नोकरीला, त्याच दिवशी निघून गेला आणि आता भर समुद्रात. फोन लागत नव्हता. लागत नाही हे ज्याने झाकलं त्यालाही माहीत असणार.

मी शटर ओढलं आणि विकीच्या घरी गेले. पुतळाबाई, त्याची आई, ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

"तू पन तक्रारीच्याच कामाला लागलीस ना गो बाय?" ती म्हणाली. "माझ्या पोरानी पानी आडवलं. हात सोलून आला. पन कोन आयकतंय? आनि तो बोलत पन नाय."

विकी आत पलंगावर बसला होता. मी मोबाइलवर फोटो दाखवला, पूर्ण. त्याचा चेहरा उतरला.

"कोण आहे हा?"

"माहीत नाही."

"विक्या, तू त्याच्याकडे बघून ओरडतोयस. समोरासमोर उभे आहात. आणि माहीत नाही?"

त्याने मोबाइल उलटा करून मला परत दिला.

"उद्या सह्या होतील. नोकरी जाईल. आईकडे बघ जरा."

"ताई, मी शब्द दिलाय," तो म्हणाला. आवाज इतका खाली की मला वाकावं लागलं. "त्याने पण दिलाय. तो बोलणार आहे."

"कधी? तू गजाआड गेल्यावर?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि दुसऱ्याच क्षणाला रडू आलं. बाहेर पुतळाबाई पुन्हा तांदूळ निवडायला लागली होती.

३

माझा पहिला संशय विपुलवर. फाइल त्याने आणली. टीशर्ट त्याच्याकडे आहे. उघाडीचं काम त्याच्या मावसभावाला मिळावं म्हणून तो दोन सभांत विकीशी भांडलेला. मोगरा गेला खरा, पण माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान करत नाही असं कुणी सांगितलंय?

म्हणून मी त्याला फोन केला. परीक्षा साधी होती. ज्याला झाकलेलं माहीत नाही, तो मूळ फोटो आनंदाने आणून देईल. ज्याला माहीत आहे, त्याला मूळ फोटोच्या नावानेच घाम फुटेल.

"विपुल, पाचवं पान हलकं होत नाही. ॲन्सेल्मचा मूळ फोटो दे, त्यावरून नवीन पान करते."

"माझ्याकडे कुठे? ॲन्सेल्मने नानांना पाठवला. फाइल पण नानांनीच बनवली, त्यांच्या लॅपटॉपवर. थांब ताई, मी आत्ता जाऊन घेऊन येतो. तो फोटो एकदम कडक आला पाहिजे!"

"नको, मीच जाते."

विपुल सुटला. मग उरले नाना. नाना? नाना गावातले मोठे. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर शिकले आणि 'माझं मी करतो' याचा त्यांना केवढा अभिमान! माझ्या लग्नात मामा उभा राहिला नाही तेव्हा अंतरपाटामागे माझ्या पाठीशी हेच उभे राहिले होते.

नाना झोपाळ्यावर बसले होते. मी तेच वाक्य म्हटलं. झोपाळा थांबला.

"मूळ फोटो नाही आता," नाना म्हणाले. "फोन भरला होता. डिलीट केला."

"मग क्वालिटी राहणार नाही नाना. पान धूसर करावं लागेल."

"कर की. धूसर झालं तर झालं. तोंड कोणाचं आहे ते गावाला माहीत आहे."

सकाळी याच माणसाने बजावलं होतं, क्वालिटी जाता कामा नये. आणि मूळ फोटोचं नाव काढल्याबरोबर धूसर चालायला लागलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पण नाना पाण्यात उतरून जाळं ओढतील असं त्यांचं वयही नाही आणि गुडघेही नाहीत. ते कुणाला तरी झाकत होते.

तेवढ्यात यशोदाकाकू चहा घेऊन आल्या. हातात मोबाइल. स्वरूपचा, त्यांच्या एकुलत्या एक मुलाचा साखरपुडा नुकताच झालेला, आणि काकूंना फोटो दाखवण्यावाचून दुसरं सुचत नव्हतं. ही ऋतिका, सून होणारी. हे तिचे आईवडील. आणि हे जेवणाचं ताट.

"अगंबाई, जिताडा!" मी म्हटलं. खाडीतला सगळ्यात मानाचा मासा तो.

"मग! ऋतिकाचे वडील एकदा बोलून गेले होते, खाडीचा खरा जिताडा खाऊन वर्षं झाली. स्वरूपने तेच मनावर घेतलं. केवढा होता सांगू, परातीत मावेना. पहाटेच पाचूबंदरला मासळीच्या लिलावात जाऊन घेऊन आला. त्याच दिवशी मेलं ते पाणी शिरलं बघ, नाहीतर..."

"यशोदा," नाना म्हणाले. "आत जा. दूध उतू जातंय."

आत गॅसवर काहीच नव्हतं. मला बसल्या जागेवरून रिकामी शेगडी दिसत होती.

४

जिताडा भरतीबरोबर खाजणात, म्हणजे बांधाआतल्या खाऱ्या जमिनीत, शिरतो. पूर्वी लोक मुद्दाम उघाडीच्या दोन फळ्या काढून तोंडाशी जाळं लावायचे. समितीने ते कधीच बंद केलं, कारण उधाणाचं पाणी एकदा आत ओढलं गेलं की फळी परत बसत नाही, जोर मोडेपर्यंत थांबावं लागतं. खाडीकडच्या पोरांना हे आईच्या दुधाबरोबर कळतं. वाडीत वाढलेल्या पोराला कळेलच असं नाही.

पण अंदाज म्हणजे पुरावा नाही. स्वरूप पाचूबंदरला गेला असेल तर माझी गाडी तिथेच थांबत होती.

संध्याकाळच्या बाजारात सालोमी मासे विकायला बसते. पाचूबंदरची. तिच्या पाटीवर वाकून मी सहज विचारलं, पौर्णिमेला लिलावात जिताडा आला होता का गं, मोठा?

"पौर्णिमेला?" सालोमी हसली. "बाय, त्या दिवशी आमचा गावचा सन होता. एक होडी पान्यात नाय गेली. लिलाव नाय, बर्फ नाय, काय नाय. मी सवता नवीन लुगडं नेसून चर्चमदे मिस्साला बसलेली."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. मासे न घेताच मी निघाले.

दुकानाशी आले तर नाना पायरीवर बसलेले. मला संशय आलाय हे माझ्या तोंडावरूनच त्यांनी ओळखलं असेल. मी शटर वर केलं, ते आत आले, आणि स्क्रीनवर अजून तो फोटो होता. पूर्ण.

नाना खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले.

"मी कापला होता हा," ते म्हणाले.

"झाकला होता नाना. विकीचं तोंड स्वच्छ हवं होतं ना तुम्हाला? सकाळीच 'धूसर कर' म्हणाला असतात, तर मी पान चेपून टाकलं असतं आणि हे सगळं त्यातच गेलं असतं. क्वालिटी तुम्हीच राखून ठेवलीत."

"जागृती, दुकानाचा गाळा माझा आहे हा."

"ठाऊक आहे."

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"करायचं नव्हतंच हो!" मी ओरडले. "तुमच्याशी? तुम्ही माझ्या पाठीशी उभे राहिलात. मला काय हौस आहे?"

तेव्हा त्यांचा चेहरा मोडला. "एकच पोरगा आहे गं. गावाची शेती बुडवली म्हटल्यावर त्याला मुलगी कोण देईल? विकी तरुण आहे. त्याला दुसरी नोकरी मिळेल."

हे वाक्य ते बोलले नसते तर कदाचित मी वितळले असते.

"उद्या सभेत तुम्ही बोला," मी म्हटलं. "नाहीतर मी बोलते."

नाना उठले. दारात वळून म्हणाले, "काय बोलशील? पाठ आहे ती. पाठीला नाव नसतं."

५

रविवारी समाजमंदिर भरलं होतं. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. विकी दाराशी उभा, खाली मान. पुतळाबाई बायकांच्या शेवटच्या रांगेत एकटी. तिच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. स्वरूप खिडकीशी, मोबाइलमध्ये डोकं घालून.

विपुलने तक्रार वाचली. सह्यांचा कागद फिरणार एवढ्यात मी उठले. मी नानांकडे पाहिलं. एकदा, मग पुन्हा. ते टेबलाकडे बघत राहिले.

"पाचवं पान बघून मग सह्या करा," मी म्हटलं आणि लॅपटॉप टीव्हीला लावला.

आधी विकीचा तुकडा दाखवला, मग कडा मागे नेल्या. जाळं आलं, फळ्या आल्या, पाठ आली. हॉलमध्ये जो गलका झाला तो मी सांगू शकत नाही. मी आवाज चढवला. विकीचा पाय बघा, म्हटलं, काढणारा पाय देतो का? जाळं कशाला असतं उघाडीला? जिताड्याला. त्या दिवशी गावात जिताडा कुणाच्या ताटात होता? यशोदाकाकू म्हणतात तो पाचूबंदरचा, पण पाचूबंदरला त्या दिवशी सण होता, एक होडी गेली नव्हती, मग तो आला कुठून?

विपुल पुतळ्यासारखा उभा. मग तो हळूच खिडकीकडे वळला. स्वरूपने मोबाइल खिशात टाकला.

नाना शांतपणे उठले. अध्यक्षाचा आवाज होता तो. "फोटो पूर्ण दाखवायला हवा होता, मान्य. पण त्यात कुणाची पाठ आहे हे कोण सांगणार? असा टीशर्ट शंभर जणांकडे आहे. मासा पाचूबंदरचा नसेल, नायगावचा असेल. घरातल्या बायकांना काय ठाऊक असतं?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. दोन-तीन माना नानांच्या बाजूने हलल्यासुद्धा. मी विकीकडे बघितलं, आता तरी बोल म्हणून. त्याने डोळे मिटून घेतले.

"मला ठाऊक आहे," बायकांतून आवाज आला.

यशोदाकाकू उठल्या होत्या. टीव्हीवरून त्यांची नजर हलत नव्हती.

"त्या पाठीला मी तेल लावलंय. तापात रात्र रात्र थोपटलीय. तो माझा स्वरूप आहे." त्या टीव्हीपाशी आल्या. "तो मासा मी साफ केला. मी शिजवला. गाव खाऱ्या पाण्यात उभं होतं आणि मी व्याह्यांना आग्रह करकरून वाढत होते. मला सांगायचंत तरी."

शेवटचं वाक्य नानांना होतं. नाना खाली बसले.

स्वरूप खिडकीपासून सुटला. "एकच फळी काढणार होतो," तो सगळ्यांसमोर म्हणाला, आणि रडायला लागला. "दोन मिनिटांत परत घालणार होतो. पाण्याने बाकीच्या पण उचलल्या. बसेचनात. विकी धावत आला. मी... मी मासा घेऊन घरी गेलो. पाहुणे यायचे होते."

विपुलने तक्रारीचे कागद उभे फाडले. मग सह्यांचा कोरा कागद उलटा केला आणि विकीने पाणी अडवलं असं त्यावर लिहायला बसला. पहिली सही यशोदाकाकूंनी केली. पडताळणीला कुणी आलं तर दाखवायला, म्हणाल्या.

स्वरूप विकीसमोर जाऊन उभा राहिला. "विक्या, माफ कर यार."

"साखरपुडा होऊ दे, मग सांगतो म्हणालेलास," विकी म्हणाला. "मी पोलिसांना घाबरत नव्हतो रे. रोज सकाळी वाटायचं, आज तू येशील."

स्वरूपने हात पुढे केला. विकीने तो धरला नाही. दाराशी चपलांचा ढीग पडला होता, त्यातून त्याने आईच्या चपला शोधल्या, तिच्या पायांपुढे ठेवल्या, आणि ती दोघं खाडीच्या वाटेने निघून गेली.